बाजेवरची जर्मन भाषा

माझ्या मुलीशी मी पहिल्यांदा मोकळेपणी बोललो ते जर्मन भाषेत. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. वाशीमकडच्या आमच्या मालेगावला स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर यावर दोन वर्षं हसून झालं आहे, त्यात आणखी दोघा-चौघांची भर. पण गोष्ट खरी आहे. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत आमच्यात जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं पुढच्या दीड वर्षात झालं, आणि तेही परक्या भाषेत, अडखळत, वहीत बघून. आता ती तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे आणि मी इथे एकटा आहे. संध्याकाळी तिचा फोन येतो. तो आला की आमच्याजवळ बोलायला काही आहे की नाही, एवढीच मला हल्ली काळजी असते. दुसऱ्या कशाची नाही. पिकाचीसुद्धा नाही.

मी भाजी पिकवतो. वाशीम रोडला लागून, विहिरीखालचं दीड एकर. वांगी, पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. पहाटे जुड्या बांधायच्या, मोटारसायकलवर लादून मालेगावच्या हर्रासीला, म्हणजे लिलावाला, न्यायच्या आणि दहाच्या आत परत यायचं. बारावीनंतर वाशीमला बी. ए.चं एक वर्ष केलं आणि सोडलं. त्या एका वर्षाची लिहिण्या-वाचण्याची खोड मात्र गेली नाही. हर्रासीतले लोक मला मास्तर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी कधी तपासलेलं नाही.

आमच्या घरात एक रीत होती. अजूनही काही घरांत असेल. वडीलधारं माणूस समोर असताना आपल्या पोटच्या लेकराला जवळ घ्यायचं नाही. भावाचं घ्या, चुलतभावाचं खांद्यावर नाचवा, कुणी काही म्हणणार नाही. स्वतःचं घेतलं की तो बेशरमपणा. माझ्या वडिलांनी मला कधी उचलल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी उचललं असेल असं वाटत नाही. मुलगी दीड वर्षाची असताना एकदा ओसरीत तुरुतुरु चालत आली आणि माझा गुडघा धरून उभी राहिली. समोर वडील बसले होते. मी तिची बोटं सोडवली आणि तिचं तोंड आजीकडे वळवलं. ती रडली नाही. नंतर मात्र ती सरळ आजीकडेच जायला लागली.

माझ्या आईपाठोपाठ वडील गेले तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. पण अकरा वर्षांच्या पोरीला उचलून घ्यायचं कसं? तिच्याशी बोलायचं तरी काय? मी तोवर तिच्याशी जे काही बोललो होतो ते बायकोच्या मार्फत. तिघं एका खोलीत जेवायला बसलेलो असायचो आणि मी बायकोला म्हणायचो, तिला सांग, उद्या एसटी लवकर आहे. मुलगी ताटात बघत म्हणायची, आई, बाबांना सांग, मला माहीत आहे. बायको वैतागायची. "मी काय पोस्टमन हाय का तुमचा?" म्हणायची, आणि निरोप पोचवायचीही. आम्हाला दोघांना ते बरं पडायचं. तिला कसं पडत होतं हे मी विचारलं नाही. तिच्याशीही मी फार बोलत होतो असं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी बायको गेली. किडनीचा आजार होता, दीड वर्ष चालला. त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरात जी शांतता होती तिला शांतता म्हणणंही बरोबर नाही. मुलगी तेव्हा वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती, रोज येऊन-जाऊन करायची. परत आली की स्वयंपाक करायची. ताट वाढून झालं की स्वयंपाकघरातून मला मोबाईलवर मेसेज पाठवायची, 'वाढलं'. मी अंगणात बसलेला असायचो, दहा पावलांवर. मेसेज वाचायचो, उठायचो, जेवायचो. एकदा मी जेवण झाल्यावर 'चांगलं होतं' असं लिहून पाठवलं. तिने अंगठा पाठवला. एवढ्यावर आमचं वर्ष निघालं.

मग जर्मन आली. तिकडे नर्सेस कमी आहेत, भाषेची परीक्षा पास झाली की नेतात, असं तिच्याबरोबरच्या मुलींनी ऐकलं होतं. चौघींनी मिळून मोबाईलवरचा क्लास लावला. मला हे शेजारच्या वहिनींकडून कळलं, हे वेगळं सांगायला नको. सकाळी मी जुड्या बांधत असताना आतून वेगळेच आवाज यायचे. घसा खाकरल्यासारखे, ओठ गोल केल्यासारखे. ती आरशासमोर उभी राहून पाठ करायची. बाकीच्या तिघी वाशीमला एका खोलीवर राहत होत्या, त्या एकमेकींशी बोलायच्या. हिला बोलायला आरसाच होता.

एका संध्याकाळी ती वही घेऊन अंगणात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी बाजेवर बसून विळा घासत होतो. मला वाटलं, पैसे पाहिजे असतील. ती म्हणाली, "बाबा, तुमी पेशंट व्हता का?"

तोंडी परीक्षेत नर्स आणि पेशंटचा संवाद असतो. तिला नर्स व्हायचं होतं आणि पेशंट मिळत नव्हता. माझी उत्तरं तिने आधीच वहीत लिहून ठेवली होती, देवनागरीत, ठळक अक्षरांत. मला फक्त निजून वाचायचं होतं. मी विळा खाली ठेवला आणि बाजेवर आडवा झालो. तिने खुर्ची ओढली, कपाळावरचे केस मागे केले आणि अगदी वेगळ्या आवाजात, हसऱ्या चेहऱ्याने मला विचारलं, "वो हाबेन झी श्मेर्त्सेन?" म्हणजे, तुम्हाला कुठे दुखतंय. तो चेहरा मी पूर्वी बघितलेला नव्हता. तो दवाखान्यातल्या पेशंटांसाठी होता. मीही आता पेशंटच होतो, त्यामुळे मला मिळाला.

पहिले काही दिवस मी लिहिलेलं वाचत होतो. मग तिने वही काढून घेतली. म्हणाली, आता मनाने सांगा. इथे माझी पंचाईत झाली. भाषेची नाही, शंभरेक शब्द तोवर डोक्यात बसले होते. पंचाईत अशी की मला आजारी पडता येईना. आपल्याकडे आजारी माणसाला कुणी बघायला आलं की त्याने 'बरं हाय' म्हणायचं असतं आणि आलेल्या माणसाच्या चहाचं बघायचं असतं. सलाईन लागलेलं असलं तरी तो हात वर करून आत कुणाला तरी चहा ठेवायला सांगतो. माझ्या तोंडून जर्मनमध्येही तेच यायला लागलं. ती विचारायची कुठे दुखतंय, मी म्हणायचो बरं आहे, आपण बसा, चहा घेता का. संवाद तिथेच संपायचा. परीक्षेत तो दहा मिनिटं चालवायचा असतो. दोन-तीनदा तिने दम धरला, मग डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबा, पेशंट नर्सले चहा पाजत नाही." आणि हसली. आई गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर काही दिवस मी मुद्दाम चहा विचारत होतो, हे तिला कळलं असावं.

शेजारच्या वहिनींना मात्र हे सगळं कुंपणावरून दिसत होतं. मी रोज दिवेलागणीच्या आधी आडवा पडतो, नर्स असलेली मुलगी वही घेऊन तपासते, आणि मी काहीतरी बरळतो. आठवड्याच्या आत गावातून माणसं मला बघायला यायला लागली. कुणी बिस्किटचा पुडा आणला, कुणी केळी. मी सांगून पाहिलं की मला काही झालेलं नाही, मी जर्मन शिकतो आहे. त्यावर त्यांनी एकमेकांकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून आजार अंगातून डोक्यात गेला एवढंच ठरलं. शेवटी मी 'बरं हाय' म्हणालो आणि त्यांना चहा पाजला. ते समाधानाने गेले. टपरीवर मला पाहिलं की आजही कुणीतरी हात जोडून 'गूटन टाग मास्तर' म्हणतं. ते मीच शिकवलेलं आहे, त्यामुळे रागावता येत नाही.

मग मी दुखणी रचायला लागलो. झाडावरून पडलो, कुत्रं चावलं, छातीत कळ येते. ती प्रत्येकावर पुढचे प्रश्न विचारायची. कधीपासून, किती वेळ, रात्री वाढतं का. एवढ्या बारकाईने मला कुणी काही विचारल्याचं आठवत नव्हतं. रचलेली दुखणी महिनाभर पुरली. मग संपली, आणि जे खरं होतं ते यायला लागलं. डावा गुडघा वाकत नाही. अन्नाला चव लागत नाही. झोप येत नाही.

का येत नाही, असं तिने विचारलं. नर्सने विचारायचंच असतं. मी म्हणालो, "माइने फ्राउ इस्ट गेश्टोर्बेन." माझी बायको वारली आहे. हे वाक्य मला पाठ होतं, कारण कुटुंबाची माहिती सांगा या प्रश्नाखाली ते वहीत होतं, तिनेच लिहिलेलं. पण मी ते त्या प्रश्नाच्या उत्तरात म्हणालो नव्हतो. मला वाटलं, आता ती वही मिटून आत जाईल. तिने खुर्ची थोडी जवळ घेतली आणि जर्मनमध्येच विचारलं की तुम्हाला तिची आठवण कधी येते. मी शब्द शोधत शोधत सांगितलं. सकाळी, जुड्या बांधताना, कारण ती समोर बसायची. मुलगी म्हणाली, मला संध्याकाळी येते. मी विचारलं, नर्सबाई, आपली आईही गेली का. ती म्हणाली, हो.

मराठीत आम्ही दोघं हे कधी बोललो नव्हतो. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. मराठीत ती माझी मुलगी होती आणि मी तिचा बाप, आणि आमच्यामध्ये सगळं खानदान उभं होतं. जर्मनमध्ये आमचं कुणी नातेवाईक नव्हतं. मला व्याकरण धड येत नव्हतं, क्रियापद कुठेही पडायचं, पण भीड वाटत नव्हती. त्यानंतर आम्ही रोज बोललो. परीक्षेत विचारतात ते आधी उरकून घ्यायचं आणि मग आमचं. दवाखान्यात तिला कोण त्रास देतं, तिला लग्नाबद्दल काय वाटतं, लहानपणी तिला माझी भीती वाटायची की नाही. वाटायची, म्हणाली. अंधार पडला की डास यायचे, मग ती उठायची आणि मराठीत म्हणायची, "जेवता का?" मी म्हणायचो हो. तिथे आमचं बोलणं त्या दिवसापुरतं संपायचं.

पहिल्या खेपेला ती तोंडी परीक्षेत नापास झाली. परीक्षा पुण्याला होती. निकाल तिने प्रवासात असताना मेसेजने कळवला. मी वांगी तोडत होतो. वाचलं, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला वर्षाहून जास्त लागलं आहे, म्हणून पुन्हा लिहितो. माझी मुलगी नापास झाली आणि मला बरं वाटलं. मी मोबाईल खिशात टाकला आणि गाणं म्हटलं नाही एवढंच. तोवर मला कळून चुकलं होतं की मी तिच्याकडून एकेक वाक्य घोटून घेतो आहे ते तिला घरापासून लांब पाठवण्यासाठी, आणि पास झाली की बाज आणि खुर्ची दोन्ही रिकामी होणार आहेत. नापास झाली म्हणजे आणखी सहा महिने मिळाले.

ती घरी आली आणि न जेवता आत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात आली, खुर्चीवर बसली. वही आणली नव्हती. मी जर्मनमध्ये विचारलं, कुठे दुखतंय. तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. मी बाजेवर बसलो होतो आणि ती हातभर अंतरावर रडत होती. हात पुढे करायला काय लागतं? मी केला नाही. मी तिला पाण्याचा तांब्या दिला.

मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. मग मी जिद्दीने लागलो. तिच्या क्लासचे धडे मीही ऐकायला लागलो. हर्रासीहून परत येताना मोटारसायकलवर वाक्यं घोकायचो. कठीण पेशंट झालो, बहिरा झालो, चिडका झालो, तिला बोलू न देणारा झालो. तिने जेवढी उत्तरं दिली तेवढे नवे प्रश्न मी काढले. मी एकदाही म्हणालो नाही की नको जाऊ. म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते पाळणं मला जड गेलं नाही, कारण न बोलण्याची सवय मला पिढीजात होती. दुसऱ्या खेपेला ती चांगल्या मार्कांनी पास झाली. टपरीवर मी पेढे वाटले.

नागपूरला आम्ही जीपने गेलो, समृद्धीवरून. विमानतळाच्या दारात तिने सामान ढकलगाडीवर चढवलं आणि माझ्या पाया पडली. आजूबाजूला कितीतरी बाप आपल्या पोरींना पोटाशी धरून उभे होते. मला वाटतं ती थोडी थांबली होती. मी म्हणालो, "गूटे राइझे." प्रवास चांगला होवो. तिने तसंच जर्मनमध्ये आभार मानले आणि आत गेली. बाजूला उभ्या असलेल्या एका बापाने मला विचारलं की तुम्ही कुठले, आंध्राचे का. मी म्हणालो, मालेगावचा.

आता मी या घरात एकटा आहे. सकाळ जाते. सकाळी कामं असतात, हर्रास असते, ओरडाआरडा असतो. दुपारीही जाते. संध्याकाळ मात्र येऊन बसते आणि उठत नाही. मी बाज आत घेतली आणि आठ दिवसांनी पुन्हा बाहेर काढली, कारण आतही त्या बाजेकडेच बघणं होत होतं. स्वयंपाक एक वेळचा करतो. मोबाईलवर जर्मनचे धडे चालू ठेवले. पहाटे जुड्या बांधताना मी पालकाला, मेथीला जर्मनमध्ये सांगतो की आज ऊन पडेल, आज भाव पडला तर मी काय करू. मेथी चुका काढत नाही. वहिनी कुंपणापाशी थांबतात आणि मान हलवून आत जातात. आता बिस्किटं घेऊन कुणी येत नाही. बरं वाटत नसलं तर आता सगळ्यांना कळेल कसं, असा विचार मनात येतो तेव्हा मी वही काढतो.

पहिले चार महिने चांगले गेले. तिची ड्यूटी संपली की तिचा फोन यायचा, इथे तेव्हा ऊन उतरलेलं असायचं. आम्ही जर्मनमध्येच बोलायचो. ती माझ्या चुका सुधारायची, तिकडचे नवे शब्द सांगायची, माझे उच्चार मोबाईलवरच्या बाईसारखे झालेत म्हणून हसायची. मी दिवसभर वाक्यं जमवून ठेवायचो. आज हे सांगायचं, आज ते विचारायचं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला दिवसभरात काय झालं याकडे लक्ष द्यावंसं वाटत होतं, कारण ते सांगायला कुणीतरी होतं.

मग एका संध्याकाळी मी माझं पहिलं वाक्य म्हटलं आणि तिने मला थांबवलं. आवाज दमलेला होता. म्हणाली, "बाबा, आज जर्मन नको. दिवसभर तेच बोलून राह्यली मी. तोंड दुखते. घरचं बोला."

तिचं काही चुकलं नव्हतं. दिवसभर ज्या भाषेत कामं करायची, बोलणी खायची, तीच संध्याकाळी बापाकडून कशाला ऐकायची? तिला आईची भाषा पाहिजे होती. तिला कान निववायचे होते. मी वही मिटली आणि विचारलं की जेवली का. ती म्हणाली हो, तुम्ही? मी म्हणालो हो. विहिरीला पाणी आहे का, तिने विचारलं. आहे. वांगी कशी आहेत. बरी आहेत. मग मी म्हणालो, ठेवतो. मोबाईलवर आकडा आला, एक मिनिट चार सेकंद. आदल्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो होतो.

त्या दिवसापासून तिने जर्मन बोलू दिली नाही आणि मला मराठी बोलता आली नाही. मराठीत तोंड उघडलं की मी परत ओसरीत बसलेला असायचो आणि समोर वडील असायचे. मध्ये निरोप पोचवणारी बाई नव्हती. मी उपाय करून पाहिला. जर्मनसाठी जे केलं होतं तेच केलं. वहीत मराठी वाक्यं लिहून काढली. सांबार यंदा चांगला आला. शेजारच्यांच्या गाईला गोऱ्हा झाला. मोटारसायकलचा टायर बदलला. फोन आला की एकामागून एक म्हणायला लागलो. चौथ्या वाक्याला ती म्हणाली, वाचताय का बाबा? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, बरं. मला स्वतःचा इतका राग आला की मी ती पानं फाडून चुलीत घातली.

मग फोन एक दिवसाआड झाला. मग दोन दिवसाआड. ती सांगायची ड्यूट्या बदलतात, आणि ते खरं असेलही. मी मोबाईल विहिरीवर नेत नव्हतो, ओला होईल म्हणून, आणि अर्ध्या वाफ्यातून परत येऊन बघत होतो. तिकडे तिला आपल्याकडची चार माणसं भेटतील, ती मराठी बोलतील, हसतील, मग ही मला आठवड्याने फोन करेल आणि पुढे सणावाराला. कोणत्याही बापाचं असंच होतं, असं मी मनाला सांगायचो. पण मला ती दीड वर्षच मिळाली होती. बाकीच्या बापांना पंचवीस वर्षं मिळालेली असतात.

परवाच्या रविवारी तिचा फोन आला. पाच दिवसांनी. मी बाजेवर होतो. जेवली का, हो, तुम्ही, हो, पाणी, आहे. झालं. मागून तिच्या खोलीतला कुकरसारखा काहीतरी आवाज येत होता. आता ती ठेवते म्हणणार हे मला कळलं. तिने श्वास घेतलेला मी ऐकला. आणि मी काही न ठरवता, वहीत न बघता म्हणालो, "माय, मले करमत नाही."

मागचा तो कुकरसारखा आवाज बंद झाला. मला वाटलं लाईन गेली. मग ती म्हणाली, "कधीपासून?"

मी म्हणालो, तू पहिल्यांदा नापास झाली त्याच्या आधीपासून. आणि मग मी तेही सांगितलं, की तेव्हा मला बरं वाटलं होतं. सगळं सांगितलं, वांगी तोडत होतो इथपासून. मराठीत ते फार वाईट ऐकू आलं. जर्मनमध्ये कदाचित एवढं आलं नसतं. माझं झाल्यावर तिने विचारलं, "मंग जायच्या आधी काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू गेली नसती."

ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही. आवाज सरळ होता.

"गेली त असतीच बाबा," ती म्हणाली. "पण आयकून गेली असती."